एन्झो फेरारी : शर्यतीसाठी रस्त्यावरच्या गाड्या विकणारा माणूस

सचिन तेंडुलकर याने सर डॉन ब्रॅडमन यांच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केली, तेव्हा २००२ मध्ये त्याला फेरारी ३६० मोडेना ही गाडी भेट देण्यात आली. सिल्व्हरस्टोन येथे मायकेल शूमाकर याच्या हस्ते हा समारंभ झाला. पुढील वर्षी त्या गाडीवरील सीमाशुल्काचा प्रश्न देशभर गाजला आणि ज्यांना मोटार शर्यतींत कधीच रस नव्हता, अशा भारतीयांच्या घरांतही फेरारी हे नाव पोहोचले. त्या गाडीच्या नावातील मोडेना हे उत्तर इटलीतील एक शहर आहे. फेरारी गाड्यांचे जनक एन्झो फेरारी यांचा जन्म याच शहरात १८९८ च्या फेब्रुवारी महिन्यात झाला. मुंबईच्या रस्त्यावर क्रमांकाची पाटी लावून धावलेली सचिनची गाडी आणि शूमाकर ज्या गाडीतून जगज्जेता झाला ती गाडी, दोहोंवर उधळलेल्या काळ्या घोड्याचे तेच चिन्ह होते. तरीही त्या दोन गाड्यांची जातकुळी वेगळी होती. एन्झो यांचे सारे आयुष्य या दोन जातींमधील अंतराशी झगडण्यात गेले.

एन्झो यांचे वडील आल्फ्रेडो यांचा मोडेना येथे धातूकामाचा छोटा कारखाना होता. १९०८ मध्ये वडिलांसोबत बोलोन्या येथे पाहिलेल्या शर्यतीने दहा वर्षांच्या एन्झो यांच्या मनाची पकड घेतली. १९१६ मध्ये वडील आणि थोरला भाऊ असे दोघेही मरण पावले व कारखाना बंद पडला. पहिल्या महायुद्धात एन्झो यांच्या वाट्याला पर्वतीय तोफखान्यातील खेचरांना नाल ठोकण्याचे काम आले. युद्ध संपताना ते गंभीर आजारातून कसेबसे वाचले. नोकरीसाठी तुरीन येथील फियाट कंपनीच्या दारात गेले असता त्यांना नकार मिळाला. तो अपमान त्यांनी अनेक दशके मनात जपला. पुढे १९६९ मध्ये त्याच फियाटने त्यांच्या कंपनीचा निम्मा हिस्सा विकत घेतला, हा योगायोग त्यांच्या चरित्रकारांना फार आवडतो.

१९२० मध्ये ते आल्फा रोमिओ कंपनीत आले. चालक म्हणून ते सामान्य नव्हते. १९२० च्या टार्गा फ्लोरिओ शर्यतीत ते दुसरे आले आणि १९२३ मध्ये राव्हेना येथील शर्यत त्यांनी जिंकली. तेथेच युद्धात मरण पावलेले वैमानिक फ्रान्चेस्को बाराक्का यांच्या आईवडिलांशी त्यांचा परिचय झाला व बाराक्का यांच्या विमानावरील घोड्याचे चिन्ह त्यांना मिळाले. परंतु आपल्यातील खरा गुण चालविण्यात नसून माणसे जमविण्यात आणि त्यांना एकमेकांशी झुंजविण्यात आहे, हे त्यांनी लवकर ओळखले. १९२९ मध्ये त्यांनी स्कुदेरिया फेरारी हा संघ स्थापन केला आणि आल्फा रोमिओच्या गाड्या शर्यतीत उतरविण्याचे काम हाती घेतले. १९३२ मध्ये मुलगा डिनो याच्या जन्माच्या सुमारास त्यांनी स्वतः शर्यतीत भाग घेणे थांबविले. १९३५ मध्ये याच संघाच्या आल्फामधून तात्सिओ नुव्होलारी यांनी नुर्बुर्गरिंग येथे जर्मन संघांना त्यांच्याच भूमीवर हरविले.

१९३९ मध्ये आल्फा रोमिओशी मतभेद होऊन ते बाहेर पडले. चार वर्षे स्वतःच्या नावाने शर्यतीत उतरायचे नाही, या अटीमुळे १९४० मध्ये त्यांनी तयार केलेल्या पहिल्या दोन गाड्यांवर फेरारी हे नावच नव्हते. युद्धकाळात कारखाना मोडेनाहून जवळच्या मारानेल्लो या गावी हलविण्यात आला आणि तेथेही त्यावर बॉम्ब पडले. १९४७ च्या मार्चमध्ये याच कारखान्यातून १२५ एस ही फेरारी नावाची पहिली गाडी बाहेर पडली. जोआकिनो कोलोंबो यांनी आखलेले तिचे इंजिन अवघे दीड लिटरचे, पण १२ सिलिंडरचे होते. पियाचेन्झा येथील पहिल्या शर्यतीत ती आघाडीवर असतानाच बंद पडली, तर दोन आठवड्यांनी रोममध्ये जिंकली.

शर्यतीला पैसा लागतो आणि तो मिळविण्यासाठी एन्झो यांनी श्रीमंत ग्राहकांना रस्त्यावर चालविता येतील अशा गाड्या विकण्यास सुरुवात केली. इतर कारखानदार आपल्या गाड्या खपाव्यात म्हणून शर्यतीत उतरत. एन्झो यांचा हिशेब नेमका उलटा होता. ग्राहकाला ते तासन्‌तास ताटकळत ठेवीत आणि विकल्या गेलेल्या गाडीविषयी त्यांना फारशी आस्था उरत नसे.

आरंभीच्या काळात या दोन प्रकारांतील भेद पुसट होता. शर्यतीच्याच सांगाड्यावर जरा ऐसपैस बैठक आणि दिवे बसविले की रस्त्यावरची गाडी तयार होई. वेग वाढत गेला तसे मात्र दोघींच्या गरजा विरुद्ध दिशांना गेल्या. शर्यतीचे इंजिन अतिउच्च फेऱ्यांवर पूर्ण ताकद देते. सिग्नलजवळ सावकाश चालविले तर त्याचे प्लग काळवंडतात आणि पाणी उकळू लागते. शर्यतीचे ब्रेक तापल्याशिवाय नीट पकडत नाहीत, टायरही गरम झाल्यावरच रस्ता धरतात. पहिल्याच वळणावर अचानक ब्रेक लावण्याची वेळ येणाऱ्या नागरिकाला ही चैन परवडणारी नाही. शर्यतीची गाडी काही तास टिकली तरी पुरे, कारण नंतर तिचे इंजिन सुटे करून पुन्हा बांधले जाते. रस्त्यावरच्या गाडीला पाऊस, खड्डे, वाहतुकीची कोंडी आणि अननुभवी हात हे सारे वर्षानुवर्षे सोसावे लागते. त्यासाठी लागणारा सायलेन्सर, मऊ स्प्रिंगा, काचा, गालिचे, सामानाची जागा या प्रत्येक गोष्टीचे वजन असते आणि वजन हा शर्यतीतला शत्रू आहे.

हा भेद जिथे सर्वाधिक पुसट होता, तिथेच एन्झो यांच्यावर सर्वांत मोठे संकट कोसळले. मिल्ले मिलिया ही ब्रेशाहून रोमला जाऊन परत येणारी सुमारे १६०० किलोमीटरची शर्यत सामान्य रस्त्यांवरून, गावांच्या मधून धावत असे. १९४८ पासून १९५७ पर्यंत फेरारी गाड्यांनी ती आठ वेळा जिंकली. त्याआधी १९५६ च्या जूनमध्ये स्नायूंच्या असाध्य विकाराने डिनोचा चोविसाव्या वर्षी मृत्यू झाला होता आणि एन्झो यांनी शर्यतींना जाणे जवळजवळ सोडले होते. १२ मे १९५७ रोजी स्पॅनिश उमराव आल्फोन्सो दे पोर्तागो यांच्या फेरारीचा टायर ग्विदित्झोलो गावाजवळ फुटला. गाडी प्रेक्षकांत घुसली. पोर्तागो, त्यांचे सहचालक एडमंड नेल्सन आणि नऊ प्रेक्षक ठार झाले. मृतांमध्ये पाच बालके होती. त्या दिवशीची विजेती गाडीही फेरारीच होती, पण ते कोणाच्या फारसे लक्षात राहिले नाही.

इटलीने सार्वजनिक रस्त्यांवरील अशी शर्यत बंद केली. एन्झो यांच्यावर सदोष मनुष्यवधाचा आरोप ठेवण्यात आला. या गाडीला त्या वेगासाठी ते टायर योग्य होते काय, हा खटल्यातील कळीचा मुद्दा होता. १९५८ मध्ये लुईजी मुस्सो आणि पीटर कॉलिन्स हे त्यांचे आणखी दोन चालक शर्यतीत मृत्युमुखी पडले. तेव्हा व्हॅटिकनच्या मुखपत्राने त्यांची तुलना स्वतःच्या मुलांना गिळणाऱ्या सॅटर्न या पुराणातील देवाशी केली. खटल्याचा निकाल लागून ते निर्दोष ठरले, तोवर १९६१ साल उजाडले होते. त्याच वर्षी मॉन्झा येथे त्यांचे चालक वोल्फगांग फोन ट्रिप्स यांच्यासह पंधरा प्रेक्षक मरण पावले. न्यायालयाने सोडले तरी इतक्या मृत्यूंनंतरही ज्याच्या कामाचा वेग कमी झाला नाही, त्या माणसाविषयी मनात आदराबरोबर अस्वस्थताही राहते.

रस्त्यावरून हद्दपार झालेली शर्यत यापुढे नियमांच्या पुस्तकातून रस्त्याशी जोडलेली राहिली. ग्रँड टुरिंग गटात उतरणारी गाडी ग्राहकांना विकली जाणारी असावी, म्हणून ती किमान १०० संख्येने बनविलेली असावी, असा आंतरराष्ट्रीय नियम होता. एन्झो यांनी १९६२ मध्ये आणलेल्या २५० जीटीओ या गाडीच्या नावातील शेवटचे अक्षर त्याच मान्यतेचे निदर्शक आहे. वास्तविक तीन लिटर इंजिनाच्या अशा गाड्या ३६ च बनल्या. ही वेगळी गाडी नसून आपल्या जुन्या २५० जीटीचीच सुधारित आवृत्ती आहे, हा युक्तिवाद अधिकाऱ्यांनी मान्य केला. गाडीची आखणी सुरू करणारे अभियंते जोत्तो बित्झारिनी यांनी १९६१ मध्ये इतर सहकाऱ्यांसह कंपनी सोडली होती. उरलेले काम तरुण माउरो फोर्गिएरी यांनी पूर्ण केले. रस्त्याने चालवत शर्यतीला न्यावी, जिंकावी आणि तशीच घरी आणावी, असे जिच्या बाबतीत शक्य होते अशा अखेरच्या गाड्यांपैकी ती एक होय. २०१८ मध्ये अशी एक गाडी अमेरिकेतील लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरना विकली गेली. दोन वर्षांनी हीच युक्ती २५० एलएम या गाडीसाठी मात्र चालली नाही. इंजिन चालकाच्या मागे असलेली गाडी जुन्या गाडीची आवृत्ती कशी, असा प्रश्न होता. संतापलेल्या एन्झो यांनी आपला इटालियन परवाना परत केला आणि १९६४ च्या अखेरच्या दोन शर्यतींत फेरारी गाड्या लाल रंगाऐवजी निळ्या-पांढऱ्या रंगात धावल्या. जॉन सर्टीस त्याच रंगात जगज्जेते झाले.

इंजिन मागे ठेवण्याचा प्रश्न त्यांच्या विचारांतील फरक फार चांगला दाखवितो. बैल गाडीच्या पुढे असतात, या समजुतीवर त्यांची शर्यतीतही बराच काळ श्रद्धा होती. ब्रिटिश संघांनी हरविल्यावर १९६१ पर्यंत त्यांनी तेथे माघार घेतली. पण रस्त्यावरच्या ग्राहकाच्या हाती अशी शक्तिमान गाडी द्यायला ते तयार नव्हते, कारण अशी गाडी वळणावर एकदा सुटली की सामान्य चालकाला सावरता येणार नाही, अशी त्यांना भीती होती. १९६६ मध्ये शेजारच्या लाम्बोर्गिनीने मिउरा आणून बाजारात खळबळ उडविली, तरी एन्झो ठाम राहिले. त्यांनी अपवाद केला तो लहान सहा सिलिंडरच्या गाडीसाठी आणि तिला मुलाचे नाव दिले. त्यामागेही शर्यतच होती. १९६७ पासून फॉर्म्युला टू शर्यतीतील इंजिन किमान ५०० विक्रीच्या गाड्यांत बसविलेल्या इंजिनावर आधारित असणे बंधनकारक झाले होते. एवढ्या संख्येसाठी त्यांना फियाटची मदत घ्यावी लागली. मागे १२ सिलिंडरचे इंजिन असलेली रस्त्यावरची फेरारी ग्राहकांना १९७३ मध्ये मिळाली.

फोर्ड कंपनीशी १९६३ मध्ये ठरत आलेला विक्रीचा करार एन्झो यांनी शेवटच्या क्षणी मोडला, तो शर्यतीवरील अधिकार सोडावा लागेल म्हणून. फोर्डने त्याचा बदला १९६६ पासून सलग चार वर्षे ल मान्स जिंकून घेतला. फियाटशी करार करताना एन्झो यांनी रस्त्यावरच्या गाड्यांचा कारभार दिला आणि शर्यतीचा विभाग स्वतःकडे ठेवला. आयुष्यभर मनात असलेली वाटणी अशा रीतीने कागदावर आली. निकी लाउडा यांनी १९७५ व १९७७ मध्ये आणि जोडी शेक्टर यांनी १९७९ मध्ये जगज्जेतेपद मिळविले, ते याच व्यवस्थेत.

जुलै १९८७ मध्ये, एकोणनव्वदाव्या वर्षी, त्यांनी एफ ४० ही गाडी जगापुढे आणली. शर्यतीचा जो गट तोवर रद्द झाला होता, त्याच्यासाठी केलेल्या प्रयोगांतून ती जन्मली होती. ४७८ अश्वशक्ती आणि ताशी ३२४ किलोमीटर वेग असलेल्या या गाडीत रेडिओ नव्हता, गालिचा नव्हता आणि दार उघडायला आतून एक दोरी होती. क्रमांकाची पाटी लावून ती कोठेही नेता येत असे. आता ग्राहकांना नेमके तेच हवे होते आणि ठरविल्यापेक्षा कितीतरी अधिक गाड्या कंपनीला बनवाव्या लागल्या.

१४ ऑगस्ट १९८८ रोजी एन्झो यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार अंत्यविधी उरकल्यावरच ही वार्ता जाहीर करण्यात आली. फियाटचा हिस्सा ९० टक्के झाला, उरलेले दहा टक्के दुसरे पुत्र पिएरो यांच्याकडे राहिले. चार आठवड्यांनी मॉन्झा येथे, मॅक्लारेन संघ त्या मोसमातील प्रत्येक शर्यत जिंकत आला असताना, आयर्टन सेना यांची गाडी अखेरच्या दोन फेऱ्या उरल्या असता बाहेर पडली आणि गेरहार्ड बर्गर व मिकेले आल्बोरेतो यांच्या फेरारी पहिल्या आणि दुसऱ्या आल्या. मॅक्लारेनने त्या वर्षी गमावलेली ती एकमेव शर्यत होती.