Explainer नव्हे, चाकाची गोष्ट: जनावरांच्या डॉक्टरने टायरमध्ये हवा भरली, आता तीच काढून लोक फोम का भरताहेत?

झरी जामणीसारख्या तालुक्यात शेताची वाट म्हणजे काळी माती, दगडगोटे आणि बाभळीचे काटे. शेणखत, बियाणं किंवा पाण्याच्या कॅन वाहणाऱ्या एकचाकी ढकलगाडीचं छोटं टायर अशा वाटेवर सारखं पंक्चर होतं. त्यावर उपाय म्हणून टायरमध्ये हवेऐवजी फोम भरण्याचे व्हिडीओ मोबाइलवर फिरत असतात. हा उपाय खरंच चालतो का? उत्तरासाठी आधी टायरमध्ये हवा आणणाऱ्या माणसाची गोष्ट समजून घ्यावी लागेल. त्यांचं नाव जॉन बॉइड डनलॉप.

कोण होते डनलॉप?

डनलॉप हे नाव आपल्याला टायरवर वाचून माहीत आहे. पण हा माणूस इंजिनीअर नव्हता, कारखानदारही नव्हता. ते जनावरांचे डॉक्टर होते. ५ फेब्रुवारी १८४० रोजी स्कॉटलंडमधल्या ड्रेगहॉर्न गावात शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. एडिंबरामध्ये पशुवैद्यकाचं शिक्षण घेऊन ते १८६७मध्ये आयर्लंडला गेले आणि पुढे बेलफास्टमध्ये त्यांचा दवाखाना चांगला नावारूपाला आला. आपली प्रकृती नाजूक आहे, असं त्यांना आयुष्यभर वाटत राहिलं. प्रत्यक्षात ते ८१ वर्षं जगले.

टायरमध्ये हवा कशी आली?

त्या काळी सायकलच्या चाकांवर भरीव रबराची पट्टी असे. बैलगाडीची लोखंडी धाव आठवा, त्याहून ती जरा मऊ, इतकंच. बेलफास्टच्या दगडी रस्त्यांवर डनलॉप यांच्या लहान मुलाला तीनचाकी सायकल चालवताना सतत हादरे बसत.

डनलॉप यांनी एक लाकडी चकती घेतली, पातळ रबराची नळी तिच्याभोवती बसवली, कापडाने ती घट्ट आवळली आणि नळीत हवा भरली. मग सायकलचं जुनं चाक आणि ही चकती अंगणात ढकलून पाहिली. जुनं चाक मध्येच आडवं झालं. चकती मात्र अंगण पार करून थेट फाटकाच्या खांबाला जाऊन आदळली. २८ फेब्रुवारी १८८८च्या रात्री मुलाने नवी चाकं लावलेली सायकल पहिल्यांदा चालवली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये डनलॉप यांना पेटंट मिळालं.

हवेने नेमकं काय साधलं?

भरीव चाकासमोर खडा आला की चाकाला सगळा भार घेऊन त्यावर चढावं लागतं. हवेचं टायर त्या जागी दबतं, खडा पोटात घेतं आणि पुढे जातं. भार फारसा वर उचलला जात नाही, त्यामुळे हादरा कमी बसतो आणि ताकदही कमी लागते.

याचा पुरावा १८ मे १८८९ रोजी मिळाला. विली ह्यूम या सायकलपटूने बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या मैदानावर हवेचे टायर लावून चारही शर्यती जिंकल्या. हरणाऱ्यांमध्ये डब्लिनचे उद्योजक हार्वे डू क्रॉस यांची मुलं होती. डू क्रॉस यांनी लगेच या टायरमध्ये रस घेतला आणि त्याच वर्षी डब्लिनमध्ये कंपनी उभी राहिली.

मग डनलॉप श्रीमंत झाले का?

इथेच गोष्ट फिरते. १८९०मध्ये डनलॉप यांना कळवण्यात आलं की त्यांचं पेटंट ग्राह्य नाही. रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश माणसाने १८४५मध्येच हवेच्या चाकाचं पेटंट घेतलं होतं. तेव्हा सायकली नव्हत्या, रबर महाग होतं, त्यामुळे ते चाक विस्मरणात गेलं. थॉमसन यांनी पुढे वाफेच्या अवजड गाड्यांसाठी भरीव रबराचे टायर केले. म्हणजे हवा आधी आणणारा माणूस स्वतःच जड कामासाठी भरीव चाकाकडे वळला होता.

पेटंट गेलं तरी कंपनी टिकली, कारण टायर रिमवर बसवण्याच्या इतरांच्या पद्धतींचे हक्क तिने विकत घेतले. डनलॉप मात्र १८९५मध्ये कंपनीतून बाहेर पडले. पुढच्याच वर्षी ती ३० लाख पौंडांना विकली गेली. डनलॉप डब्लिनमध्ये कापडाच्या व्यवसायात राहिले. २३ ऑक्टोबर १९२१ रोजी त्यांचं निधन झालं. नाव जगभर गेलं, मोठी संपत्ती दुसऱ्यांकडे गेली.

आता मूळ प्रश्न: घरी फोम भरावा का?

पंक्चर हा हवेच्या टायरचा जन्मापासूनचा दोष. फोम भरला की हवाच उरत नाही, त्यामुळे काटा घुसला तरी चाक बसत नाही. पण फोम-फोममध्ये फरक आहे.

• हार्डवेअर दुकानातला स्प्रे फोम: दारं-खिडक्यांच्या फटी बुजवण्याचा हा फोम हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो. बंद टायरमध्ये ओलावा पोहोचत नाही, त्यामुळे आतला भाग चिकट राहतो. जो घट्ट होतो तोही भाराखाली चुरतो.

• दोन द्रवांचा पॉलियुरेथेन: दोन द्रव ठरलेल्या प्रमाणात मिसळून टायरमध्ये सोडतात. आतली हवा निघावी म्हणून वरच्या बाजूला छिद्र ठेवतात. मिश्रण घट्ट व्हायला साधारण एक दिवस द्यावा लागतो. लहान, सावकाश फिरणाऱ्या चाकाला हे चालतं. घट्ट होईपर्यंत चाकावर भार देऊ नये.

काय काळजी घ्याल?

या द्रवांपैकी एकात आयसोसायनेट असतं. त्याची वाफ श्वसनाला घातक असते आणि त्यातून दमा जडू शकतो. काम उघड्यावर करा, हातमोजे आणि चष्मा वापरा, मुलांना लांब ठेवा. नाकाला बांधलेला रुमाल या वाफेला अडवत नाही. दुचाकी किंवा चारचाकीच्या टायरमध्ये हा प्रयोग अजिबात करू नका. वेगात फोम तापतो आणि फाटतो.

एकदा भरलेला फोम परत काढता येत नाही, टायर कापावंच लागतं. असं टायर जाळूही नका, धूर विषारी असतो.

थोडक्यात

फोमने पंक्चर टळतं, पण चाक जड होतं, हादरे वाढतात आणि ढकलायला जास्त जोर लागतो. म्हणजे डनलॉप यांनी जे मिळवलं, त्यातलं बरंचसं आपण परत देतो. गाडी रोज लांब ढकलायची असेल तर हवेचं टायर ठेवून ट्यूबमध्ये पंक्चररोधक द्रव घालणं बरं. काट्याच्या वाटेवर थोड्या अंतराचं काम असेल तर तयार भरीव रबरी चाक घ्या, तेही मिळत नसेल तरच फोमचा विचार करा.