आईची शाळा आणि बिशप कोमेनियस

लेकराचे वय भरले की त्याचे नाव शाळेत नोंदवावे, हातात पाटी द्यावी आणि पंतोजींच्या स्वाधीन करून मोकळे व्हावे, एवढेच आईबापांचे काम आहे असा समज पुष्कळ घरांत आढळतो. ख्रिस्ती घरेही त्याला अपवाद नाहीत. हा समज किती चुकीचा आहे हे सुमारे चारशे वर्षांपूर्वी एका देशोधडीस लागलेल्या पाळकाने आपल्या लोकांस समजावून सांगितले. त्यांचे नाव यान आमोस कोमेनियस.

त्यांचा जन्म २८ मार्च १५९२ रोजी मोराव्हिया प्रांतात झाला. हा प्रांत आज चेक प्रजासत्ताकात मोडतो. त्यांचे घराणे बंधुमंडळीचे होते. यान हुस ह्या हुतात्म्याच्या शिकवणीतून निघालेली ही मंडळी लूथरच्या चळवळीच्या साठ वर्षे आधी, १४५७ साली, स्थापन झाली होती. बाराव्या वर्षाच्या सुमारास कोमेनियस ह्यांचे आईबाप व दोन बहिणी वारल्या आणि मुलगा पोरका झाला. नातलगांनी त्याच्या शिक्षणाकडे लक्ष दिले नाही, म्हणून लॅटिन शाळेत बसावयास त्याला सोळावे वर्ष उजाडले. बरोबरीची मुले लहान आणि आपण थोराड, अशा स्थितीत वर्गात बसलेल्या ह्या विद्यार्थ्याने त्या काळच्या शाळा मोठ्या माणसाच्या डोळ्यांनी पाहिल्या. न समजलेले पाठ घोकणे आणि छडी खाणे हाच तेथील क्रम होता. मुलांना शाळेची भीती का वाटते ह्याचा विचार त्यांनी पुढे जन्मभर केला.

हेरबोर्न व हायडेलबेर्ग येथे शिक्षण घेऊन १६१६ साली त्यांची पाळकपदावर दीक्षा झाली, आणि १६१८ साली फुलनेक गावच्या मंडळीची व तेथील शाळेची जबाबदारी त्यांच्याकडे आली. पण त्याच वर्षी तीस वर्षांचे युद्ध पेटले. १६२० साली प्राग शहराजवळ श्वेतगिरीच्या लढाईत प्रॉटेस्टंट पक्षाचा पराभव झाला व पुढे सैन्याने फुलनेक लुटले. कोमेनियस रानोमाळ लपत फिरले. १६२२ साली पत्नी आणि दोन लहान मुले मरीच्या साथीत गेली. शेवटी १६२८ च्या हिवाळ्यात, बर्फाने झाकलेले डोंगर ओलांडून, ते आपल्या बांधवांसह पोलंडमधील लेश्नो गावी गेले. सरहद्दीवर गुडघे टेकून त्यांनी मायभूमीकडे वळून प्रार्थना केली असे परंपरेने सांगतात. त्या भूमीत ते पुन्हा कधी राहावयास गेले नाहीत.

लेश्नो येथे त्यांच्यापुढे प्रश्न उभा राहिला. मंडळी विखुरलेली, मायदेशातील शाळा बंद पडलेल्या. मुलांचे काय करावे? त्यांनी पाहिले की शाळा जाळता येते, पुस्तके जाळता येतात, परंतु आईची मांडी कोणी हिरावून घेऊ शकत नाही. म्हणून त्यांनी चेक भाषेत आईबापांसाठी एक लहानसे पुस्तक लिहिले. आईच्या शाळेची मार्गदर्शिका असा त्याच्या नावाचा अर्थ आहे. १६३३ साली ते जर्मन भाषेत छापले गेले.

जन्मापासून सहा वर्षे ही पहिली शाळा, आणि तिची गुरू आई, हा त्या पुस्तकाचा गाभा आहे. लेकरू हे देवाने सांभाळावयास दिलेले धन आहे, सोन्याचांदीहून मोलाचे, असे सांगून ते घरगुती शिक्षणाकडे वळतात. आणि त्यांनी सुचविलेल्या एकाही गोष्टीस पैसा लागत नाही हे आम्हांस विशेष वाटते. ऊन, पाऊस, दगड, झाड, पक्षी ह्यांची नावे मुलाने ओळखावी. हेच त्याचे सृष्टिशास्त्र. पाळण्यातून उतरून घराच्या खोल्या, मग अंगण, मग शेताची वाट ओळखणे हा त्याचा भूगोल. काल काय झाले ते आठवून सांगणे हा इतिहास. थोडे व पुष्कळ ह्यांतला भेद कळला आणि हळूहळू दहापर्यंत व पुढे वीसपर्यंत मोजता आले की गणिताचा पाया झाला. कोळशाने किंवा खडूने रेघोट्या ओढू द्याव्या, म्हणजे बोटे लेखणीस तयार होतात. मातीची घरे बांधू द्यावी आणि खेळात आईबापांनीही सामील व्हावे. प्रभूची प्रार्थना, विश्वासांगीकार व दहा आज्ञा मुलाने आईच्या तोंडून शिकाव्या. तीमथ्याला त्याच्या आईने व आजीने कसे वाढविले हे आपल्या वाचकांस ठाऊकच आहे.

सहा वर्षांच्या आत मूल शाळेत घालू नये, कारण कोवळ्या जिवाला जितके लक्ष लागते तितके गर्दीतल्या शिक्षकास देता येत नाही, असे त्यांचे मत होते. तरी वय मोजून थांबावे असे ते म्हणत नाहीत. घरी शिकावयाचे ते शिकून झाले आहे काय, प्रश्न लक्षपूर्वक ऐकून विचाराने उत्तर देते काय, आणखी शिकण्याची इच्छा दिसते काय, ह्या खुणा पाहाव्या, आणि त्यांवरून सहा महिने किंवा एक वर्ष पुढेमागे करावे.

शेवटचे प्रकरण तर प्रत्येक आईबापाने मनावर घ्यावे असे आहे. काही तयारी न करता मुलास शाळेत ढकलणे म्हणजे वासरू बाजारात हाकलणे होय, असा त्याचा आशय आहे. त्याहून वाईट म्हणजे, मूल हट्ट करू लागले की पंतोजींची आणि छडीची भीती घालणारे आईबाप. (आपल्या गावांतही, थांब, तुला मास्तरकडे देतो, अशी धमकी ऐकू येते, मग पहिल्या दिवशी लेकरू दाराची चौकट धरून रडते आणि सर्वांस आश्चर्य वाटते!) कोमेनियस सांगतात की दिवस जवळ येऊ लागले म्हणजे शाळेविषयी आनंदाने बोलावे, तेथे सोबती भेटतील, नव्या गोष्टी कळतील असे सांगावे. पुस्तक व पाटी आधीच दाखवावी. शिक्षक दयाळू आहेत असे सांगावे, मुलाच्याच हाती त्यांच्याकडे एखादी लहानशी भेट पाठवावी, म्हणजे ओळख होऊन परकेपणा जाईल. आणि ह्या सर्वांबरोबर प्रार्थना.

पुढे त्यांची कीर्ती युरोपभर पसरली. इंग्लंड, स्वीडन व हंगेरी येथून त्यांस बोलावणी आली. १६४८ साली ते मंडळीचे बिशप झाले. परंतु त्याच वर्षी झालेल्या तहात त्यांच्या लोकांस मायदेशी परतण्याची मुभा मिळाली नाही. १६५६ साली लेश्नो जळाले, आणि चाळीसहून अधिक वर्षे खपून केलेला चेक-लॅटिन कोश एका रात्रीत राख झाला. ह्या दुःखांच्या काळात त्यांनी काही स्वयंघोषित द्रष्ट्यांच्या राजकीय भविष्यांवर विश्वास ठेवला व ती छापलीही. ती खोटी ठरली. आमच्या मते ही त्यांची खरी उणीव होती. पण जो मनुष्य घरी जाण्याची वाट पाहत म्हातारा झाला, त्याला कठोरपणे दोष देणे आम्हांस जड जाते.

१६५८ साली न्यूरेंबर्ग येथे त्यांचे चित्रांचे पुस्तक निघाले. त्यात १५० चित्रपाठ असून आरंभी कावळा, कोकरू इत्यादी प्राण्यांच्या आवाजांवरून अक्षरे शिकविली आहेत. शाळेत जाण्यापूर्वीच हे पुस्तक मुलांच्या हाती घरी द्यावे, असे प्रस्तावनेत त्यांनी मुद्दाम सुचविले. आणखी एका ग्रंथात त्यांनी एक पाऊल पुढे टाकले: चार ते सहा वर्षांची शेजारपाजारची मुले भल्या स्त्रियांच्या देखरेखीखाली एकत्र खेळावी, गावी, मोजावी, म्हणजे घरातून शाळेत जाताना उडी मारावी लागणार नाही, पायरी मिळेल. हे हस्तलिखित जर्मनीत हाले येथे अज्ञात पडून होते. ते १९३०च्या दशकात सापडले. दरम्यान जर्मनीत फ्रोबेल ह्यांनी १८३७ साली बालशाळा काढून १८४० साली तिला किंडरगार्टन हे नाव दिले होते.

१५ नोव्हेंबर १६७० रोजी ॲम्स्टरडॅम येथे कोमेनियस प्रभूमध्ये निजले व नार्डेन गावी त्यांस पुरण्यात आले. त्यांच्या कन्येचा पुत्र दानिएल एर्न्स्ट याब्लोन्स्की ह्याने १७३५ साली नव्याने उभ्या राहिलेल्या बंधुमंडळीच्या पहिल्या बिशपास दीक्षा दिली. ह्याच मंडळीचे मिशनरी १८८५ साली लडाखात लेह येथे आले, आणि तेथे त्यांनी मुलांसाठी शाळा काढली.