काळाशी स्पर्धा करणारा विद्यार्थी : डॉ. बाबासाहेब आंबेडकर

भारतीय राज्यघटनेचे शिल्पकार डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत प्रवेश घेतला. या घटनेच्या स्मरणार्थ महाराष्ट्रात २०१७ पासून हा दिवस विद्यार्थी दिन म्हणून साजरा केला जातो. परिस्थिती प्रतिकूल असतानाही वेळ आणि उद्दिष्टे यांची सांगड कशी घालावी, याचा वस्तुपाठ त्यांच्या विद्यार्थिदशेत आढळतो.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. पुढे त्यांचे कुटुंब मुंबईत परळच्या चाळीतील एका खोलीत राहू लागले. स्वयंपाक, झोप आणि अभ्यास या साऱ्यांसाठी जागा तेवढीच होती. दिवसा शांतता मिळणे अशक्य असल्याने वडील सुभेदार रामजी यांनी त्यावर तोडगा काढला. मुलगा रात्री लवकर झोपत असे. वडील दोन वाजेपर्यंत जागे राहून त्याला उठवीत आणि मगच स्वतः झोपत. शाळा सुटल्यावरचा वेळ बाबासाहेब चर्नी रोडच्या बागेत वाचनात घालवीत. तेथेच कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांची दृष्टी त्यांच्यावर पडली. १९०७ मध्ये बाबासाहेब मॅट्रिक झाले. पुढील शिक्षणासाठी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांचे साहाय्य मिळवून देण्यात केळुसकरांचा वाटा मोठा होता.

१९१३ मध्ये बडोदा संस्थानची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. ही शिष्यवृत्ती तीन वर्षांची होती आणि त्या बदल्यात संस्थानची दहा वर्षे सेवा करण्याचा करार होता. हाती असलेली मुदत ओळखून त्यांनी पदवीपुरता अभ्यास न करता अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६ आणि तत्त्वज्ञानाचे ५ अभ्यासक्रम पूर्ण केले. १९१५ मध्ये त्यांनी एम. ए. पदवी संपादन केली. मे १९१६ मध्ये त्यांनी भारतातील जातिसंस्थेवरील आपला प्रसिद्ध निबंध वाचला. त्याच वर्षी ते लंडनला गेले आणि अर्थशास्त्राबरोबरच कायद्याच्या शिक्षणासाठीही त्यांनी नाव नोंदविले.

मात्र शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये त्यांना अर्धवट शिक्षण सोडून मायदेशी परतावे लागले. पुस्तके असलेले सामान ज्या जहाजातून येत होते, ते महायुद्धात बुडाले. बडोद्यात अस्पृश्यतेमुळे राहण्यास जागाही मिळाली नाही. तथापि, लंडनला परतण्यासाठी मिळालेली चार वर्षांची सवलत त्यांनी नजरेआड होऊ दिली नाही. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक म्हणून मिळणाऱ्या ४५० रुपये वेतनातून त्यांनी काटकसरीने बचत केली. कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज यांचे साहाय्य आणि पारशी मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज यांच्या आधारे ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला पोहोचले.

आता एम. एस्सी., डी. एस्सी. आणि बॅरिस्टर ही तीन उद्दिष्टे निश्चित होती, पैसा मात्र मोजका होता. सकाळी ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय उघडताच ते तेथे हजर होत आणि बंद होईपर्यंत वाचत बसत. पैसा आणि वेळ या दोहोंच्या बचतीसाठी दुपारचे जेवण टाळले जाई. खोलीवर परतल्यावर अल्पसा आहार घेऊन रात्री उशिरापर्यंत अभ्यास चाले. इकडे मुंबईत पत्नी रमाबाई हलाखीत संसार सांभाळीत होत्या. त्यामुळे वाया गेलेल्या प्रत्येक दिवसाची किंमत घरालाही मोजावी लागणार होती.

१९२१ मध्ये त्यांनी एम. एस्सी. पदवी मिळविली. त्यानंतर ते बॅरिस्टरही झाले. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा डी. एस्सी.चा प्रबंध मात्र परीक्षकांना अतिशय कठोर वाटला आणि त्यात फेरबदल सुचविण्यात आले. पैसे संपत आल्याने १९२३ मध्ये मुंबईस परतून त्यांनी हे काम पूर्ण केले आणि त्याच वर्षी प्रबंध स्वीकारला गेला. कोलंबियाची पीएच. डी. त्यांना १९२७ मध्ये प्रदान करण्यात आली.

६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. लंडनमध्ये विद्यार्थी असताना ते जेथे राहिले, ते घर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेऊन स्मारकात रूपांतरित केले. अर्धवट राहिलेल्या शिक्षणाकडे निर्धाराने परत जाणाऱ्या या विद्यार्थ्याची आठवण ते घर जपून आहे.