टँकमधल्या माशांचा नामकर्ता

समजा, येरवड्यातल्या तुमच्या खोलीत खाऱ्या पाण्याचा टँक लागलाय. समुद्र घाटापलीकडे, म्हणून पाणी घरीच बनवलेलं, आरओचं पाणी आणि पाकिटातलं मीठ. दोन-तीन महिने झाले, सॉफ्ट कोरल छान उघडू लागलेत. (दगडी प्रवाळाच्या वाटेला जायचं नाही. तो वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, विकणारा काहीही सांगो.) आणि एका सकाळी खडकावर हिरवी लव दिसते. पंधरा दिवसांत तिचं जंगल होतं. मग तुम्ही दुकान गाठता आणि शेवाळ खाणारा, पण कोरलला हात न लावणारा मासा मागता.

दुकानदार तुम्हाला पावडर ब्लू टँग दाखवेल. रॅबिटफिश दाखवेल. एखादा धीट निघाला तर पोपटासारख्या चोचीचा पॅरटफिशसुद्धा. यांची शास्त्रीय नावं मोबाइलवर शोधलीत, तर पहिला शब्द, म्हणजे माशाचं आडनाव समजा, अनुक्रमे ॲकँथुरस, सिगॅनस आणि स्कॅरस असा निघेल. प्रवाळावर चरणाऱ्या माशांची ही तीन मोठी घराणी. तिन्ही नावं १७७५ साली एकाच पुस्तकातून जगापुढे आली. ती देणारा माणूस तेव्हा जिवंत नव्हता. तो गेला तेव्हा ३१ वर्षांचा होता, म्हणजे तुमच्याहून फार तर दहा-बारा वर्षांनी मोठा.

त्याचं नाव पेहर फॉर्स्कोल. जन्म ११ जानेवारी १७३२, हेलसिंकीचा. फिनलंड तेव्हा स्वीडनच्या राज्यात होता. बाप पाद्री. पोरगं इतकं हुशार, की दहाव्या वर्षी उप्साला विद्यापीठात नाव घातलं गेलं. पुढे तिथेच तो लिनियसचा विद्यार्थी झाला. प्राणी-वनस्पतींना दोन शब्दांची नावं द्यायची पद्धत रुळवणारा तोच लिनियस. जर्मनीतल्या ग्योटिंगेनला जाऊन फॉर्स्कोलने अरबी-हिब्रू शिकून घेतलं आणि तत्त्वज्ञानात डॉक्टरेटही केली. एका वेळी एकच विषय हा आपला नियम त्या काळी नव्हता, हे त्याचं नशीबच.

परत आल्यावर त्याने जे केलं, ते येरवड्याच्या वाचकाला जवळचं वाटेल. गांधीजी १९२२ साली इथल्या तुरुंगात आले ते लेख लिहिल्याबद्दल, राजद्रोहाच्या शिक्षेवर. फॉर्स्कोलने १७५९ मध्ये नागरी स्वातंत्र्यावर एक छोटी पुस्तिका लिहिली. छापण्याचं स्वातंत्र्य हवं, लोकांना सत्तेच्या कारभारावर बोलता आलं पाहिजे, असं त्यात सरळ मांडलं होतं. सेन्सॉरने कात्री लावली. पाचशे प्रती छापल्या आणि त्याने त्या विद्यार्थ्यांत वाटूनही टाकल्या. लगेच बंदी आली. प्रती गोळा करायचं काम पडलं विद्यापीठाच्या रेक्टरवर, आणि रेक्टर होता लिनियस! लिनियसने त्यात किती जीव ओतला कोण जाणे, पण शंभरसुद्धा प्रती परत आल्या नाहीत. सात वर्षांनी, १७६६ मध्ये, स्वीडनने मुद्रणस्वातंत्र्याचा कायदा केला. तो पाहायला फॉर्स्कोल राहिला नव्हता.

कारण मधल्या काळात डेन्मार्कच्या राजाने अरबस्तानात एक मोहीम पाठवायचं ठरवलं आणि निसर्ग-अभ्यासक म्हणून त्याला बोलावलं. आधी प्राध्यापक ही पदवी द्या, मगच येतो, असं म्हणायला हा गडी कचरला नाही. मिळालीही. जानेवारी १७६१ मध्ये सहा जण कोपनहेगनहून निघाले: भाषातज्ज्ञ फॉन हाफेन, डॉक्टर क्रामर, चित्रकार बाउरनफाइंड, नकाशे काढणारा नीबूर, नोकर बेर्गग्रेन आणि फॉर्स्कोल. जहाजावरच भांडणं सुरू झाली. फॉन हाफेनने वाटेत सोमल विकत घेतला, तेव्हा तो आपल्यावरच वापरणार की काय, या धास्तीने बाकीचे हवालदिल झाले. ट्रेकला गेलेल्या ग्रुपमधली रुसवेफुगवी आठवा आणि त्यात विष घाला.

इजिप्तमध्ये वर्षभर काढून १७६२ च्या ऑक्टोबरमध्ये मंडळी तांबड्या समुद्रात उतरली. जेद्दा, मग येमेनमधलं लुहय्या, मग मोखा. इथे आपल्या टँकची गोष्ट सुरू होते. प्रवाळाचा किनारा, रोजची ताजी मासळी आणि अरबी बोलणारा एक निसर्गवेडा. तो कोळ्यांना विचारत असे, याला तुम्ही काय म्हणता? आणि त्यांनी सांगितलेलं नावच लॅटिनच्या अंगरख्यात बसवत असे. सोहल, बोहर, हरक ही माशांची नावं आजही शास्त्रात आहेत ती अशी. सिगॅनस हाही मूळचा अरबी शब्द. आपल्याकडे कोळीणबाईला विचारल्याशिवाय मासा ओळखू येत नाही, तसंच हे.

मासे टिकवायची त्याची रीतही खास. वनस्पती जशा कागदात दाबून सुकवतात, तसे त्याने मासे दाबले. माशाची एका बाजूची कातडी काढायची, पसरायची, सुकवायची, कागदावर चिकटवायची. काही जीव दारूत बुडवून ठेवले होते. मोख्याच्या जकात नाक्यावर अधिकाऱ्यांनी ते उघडायला लावले, तेव्हा जो वास सुटला त्यावरून मोठा गोंधळ झाला.

आता तुमच्या खरेदीला उपयोगी पडेल असा भाग. फॉर्स्कोल मासा बघायचा तो तोंडापासून शेपटीपर्यंत, दात, काटे, पर मोजत. सोहल हा सर्जनफिश त्याने कीटोडॉन या गटात ठेवला. त्या काळच्या हिशोबात ते बरोबरच होतं, चपटं अंग, बारीक दात. पण शेपटीच्या बुडाशी सुरीसारखा काटा असलेल्यांना त्याने त्यातच वेगळं काढलं आणि ॲकँथुरस, म्हणजे काटेशेपट्या, म्हटलं. रॅबिटफिश त्याने पॅरटफिशच्या रांगेत बसवला. पुढच्या शास्त्रज्ञांनी ही घरं वेगळी केली, आणि टँकवाल्यासाठी नेमका तोच फरक महत्त्वाचा आहे. कीटोडॉन म्हणून आज उरलेले बटरफ्लायफिश दिसायला टँगसारखेच देखणे, पण त्यांतले बरेच प्रवाळाचे जिवंत पॉलिप टिपून खातात. पॅरटफिश चोचीने खडक आणि प्रवाळ खरवडतो आणि मागून वाळू टाकतो. समुद्रात उपकारी, टँकमध्ये बुलडोझर. टँग आणि रॅबिटफिश मात्र मुख्यतः शेवाळ चरतात. भुकेला रॅबिटफिश एखाद्या कोरलला तोंड लावू शकतो, म्हणून सुकवलेलं समुद्री शेवाळ, म्हणजे नोरी, अधूनमधून द्यावं लागतं. त्याच्या पाठीवरचे काटे विषारी असतात, जाळीतून काढताना जपून. सोहल तर नकोच. चाळीस सेंटीमीटरपर्यंत वाढतो आणि आपल्या इलाख्यात कुणाला फिरकू देत नाही.

खोलीत दोन-अडीच फुटांचा टँक असेल तर यातला कोणीच नको, टँगला पोहायला निदान चार फूट लांबी हवी. लहान टँकला लॉनमोअर ब्लेनी बरा: बोटभर लांब, बेडकासारखा चेहरा, दिवसभर खडक चाटत बसणारा. पण चकाचक टँकमध्ये तो उपाशी मरतो, म्हणजे शेवाळ आलं की मगच आणायचा. आणि कुठलाही मासा आणलात तरी त्याने खाल्लेलं शेवाळ विष्ठेतून नायट्रेट-फॉस्फेट होऊन पाण्यातच परत येतं. खाणं कमी टाका, पाणी बदला. मासा त्या कामाला हातभार लावेल, एवढंच.

मोख्यात उन्हाळ्याने घेरलं. मे १७६३ मध्ये फॉन हाफेन गेला. उरलेले साना शहराकडे डोंगर चढू लागले आणि वाटेत यरीम गावी ११ जुलैला फॉर्स्कोल गेला. तो हिवताप होता, असं आज मानतात. ऑगस्टमध्ये चौघं जहाजाने मुंबईला निघाले. बाउरनफाइंड आणि बेर्गग्रेन समुद्रावरच वारले. क्रामर मुंबईत, फेब्रुवारी १७६४ मध्ये. एकटा नीबूर उरला. त्याने मुंबईत वर्षाहून जास्त काळ काढला, घारापुरीच्या लेण्यांची मापं घेतली, चित्रं काढली आणि इराण, इराकमार्गे १७६७ मध्ये घरी पोचला. मित्राची टिपणं १७७५ मध्ये त्यानेच छापून घेतली.

लिनियसने शिष्याच्या नावाने एका झुडपाला फॉर्स्कोलिआ टेनासिसिमा म्हटलं. लॅटिन दुसऱ्या शब्दाचा अर्थ अत्यंत चिवट. कपड्याला चिकटली की सुटत नाही अशी ती वनस्पती आहे. आणि ते दाबलेले अर्धे मासे कोपनहेगनच्या प्राणिशास्त्र संग्रहालयात अजून आहेत, कागदावर, एका अंगाने.