डाव्या हाताचा मळ नव्हे!

एखादे काम किरकोळ वाटले की ते आपल्या डाव्या हाताचा मळ आहे, असे सांगून आपण मोकळे होतो. पण उजवा हात खरोखरच बाजूला ठेवून डाव्या हाताने नुसती सही करून पाहावी. अक्षर वेडेवाकडे येते, एवढ्यावर भागत नाही. पेन कसे धरायचे, कागद कोणत्या कोनात ठेवायचा, मनगट कुठे टेकवायचे, सारे नव्याने शिकावे लागते. हंगेरीच्या कारोय टाकाचने वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी हे शिक्षण श्रीगणेशापासून घेतले. फरक एवढाच, की त्याच्या हातात पेन नव्हते, नेमबाजीचे पिस्तूल होते.

टाकाचचा जन्म २१ जानेवारी १९१० रोजी बुडापेस्टमध्ये झाला. तरुणपणी तो सैन्यात शिरला आणि १९३० नंतरच्या काही वर्षांत त्याची गणना वरच्या दर्जाच्या पिस्तूल नेमबाजांत होऊ लागली. १९३६ चे बर्लिन ऑलिम्पिक तोंडावर आले. पण हंगेरीच्या संघात त्याला जागा मिळाली नाही. कारण नेमबाजीतले नव्हतेच. तो सार्जंट होता आणि त्यावेळच्या नियमानुसार सैन्यातल्या फक्त अधिकाऱ्यांनाच या स्पर्धेत उतरता येत असे. नेम अचूक असला तरी खांद्यावरच्या फिती कमी पडल्या! बर्लिननंतर ही बंदी उठली आणि टाकाचची नजर १९४० कडे लागली.

१९३८ मध्ये लष्करी प्रशिक्षण चालू असताना एक सदोष हातबॉम्ब त्याच्या उजव्या हातातच फुटला. ज्या पंजावर त्याचे सारे आयुष्य उभे होते, त्याच्या चिंधड्या झाल्या. महिनाभर तो इस्पितळात होता. तिथून बाहेर पडल्यावर त्याने डाव्या हातात पिस्तूल धरले, आणि तेही गुपचूप.

मूठ, माशी आणि तोल

टाकाचची गोष्ट सांगणारे इथे जिद्द, चिकाटी, इच्छाशक्ती असे शब्द वापरून पुढे सरकतात. ते शब्द खोटे नाहीत. पण जिद्द ही काही चापावर ठेवायची वस्तू नव्हे. हात बदलला म्हणजे नेमके काय बदलले, हे समजल्याशिवाय या माणसाचे मोठेपण हाती लागत नाही.

नेमबाजीच्या पिस्तुलाची मूठ ही चपलेसारखी असते. दुसऱ्याची आपल्याला चालत नाही. ती बहुधा अक्रोडाच्या लाकडाची. तळव्याच्या खळग्यात बसेल असा तिला फुगवटा असतो, अंगठ्याला टेकू असतो, तळहाताच्या खालच्या कडेला आधार देणारी फळी असते. नेमबाज ती कानशीने घासतो, कमी पडेल तिथे लांबी भरतो, वाळवतो, पुन्हा घासतो. कसोटी साधी आहे. डोळे मिटून हात उचलायचा आणि मग डोळे उघडायचे. नळीच्या टोकावरची माशी मागच्या खाचेत आपोआप मधोमध आणि समपातळीत दिसली, तर मूठ बसली. माशी खाली बुडाली किंवा वर डोकावली, तर मुठीचा कोन चुकला. मनगट वाकवून ती चूक झाकता येते. पण दहाव्या-विसाव्या गोळीनंतर दमलेले मनगट ती चूक परत उघडी करते.

ही काटेकोरी कशासाठी? खाच आणि माशी यांच्यामध्ये जेमतेम वीतभर अंतर असते. माशी एक मिलिमीटर सरकली, तर २५ मीटरवर गोळी दहा सेंटिमीटरहून अधिक भरकटते. मूठ जाड असेल तर बोट चापापर्यंत पुरेसे पोचत नाही. मग चाप सरळ मागे येण्याऐवजी बाजूला ढकलला जातो आणि नळी त्याच्यामागे जाते.

तोलाचेही तसेच. नळीच्या टोकाशी वजन असले की पिस्तूल स्थिर राहते आणि गोळी सुटल्यावर कमी उसळते. पण वजन जास्त झाले की हात दमतो आणि एका लक्ष्यावरून दुसऱ्याकडे वळायला जड जाते. टाकाचचा प्रकार होता शीघ्र पिस्तुलाचा. २५ मीटरवर शेजारी शेजारी पाच लक्ष्ये आणि प्रत्येकावर एक गोळी. कधी आठ सेकंदांत, कधी सहा, तर कधी अवघ्या चार. खाली तिरका धरलेला हात उचलण्याचा वेळही त्यातच. इथे तोल साधायचा तो स्थिरपणा आणि चपळाई यांच्यामध्ये.

आता हे सारे आरशात पाहावे. उजव्या हातासाठी कोरलेली मूठ डाव्या हातात बोचते. फुगवटा, टेकू, फळी सगळे उलट्या बाजूला हवे. पुढे येणारे पाऊल बदलते, खांदा बदलतो, कमरेतून वळण्याची सवय बदलते. डोळा मात्र हाताबरोबर बदलत नाही. वर्षानुवर्षे ज्या डोळ्याने नेम धरला, त्याच्याशी नव्या हाताची रेघ जुळवावी लागते. शिवाय नेम धरणाऱ्या हाताला दुसरा हात लागतोच, गोळ्या भरायला आणि पिस्तूल सज्ज करायला. टाकाचचा तो मदतनीसही गेला होता. माणूस आणि हत्यार यांची अशी घडी नव्याने बसवायला धीर तर लागतोच, पण त्याहून अधिक लागते ती चूक नेमकी कुठे आहे हे शोधणारी थंड नजर.

शिकायला आलेला माणूस

१९३९ च्या वसंतात राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेच्या ठिकाणी टाकाच दिसला, तेव्हा जुने सहकारी भोवती जमले. बिचारा आपल्याला उत्तेजन द्यायला आला, अशी त्यांची समजूत झाल्याचे सांगतात. तो आला होता स्पर्धेत उतरायला, आणि त्याने अजिंक्यपद जिंकले! त्याच वर्षी ल्युसर्नला जागतिक स्पर्धेत शीघ्र पिस्तुलाचे सांघिक विजेतेपद मिळवणाऱ्या हंगेरीच्या संघातही तो होता.

पण दैवाने पुन्हा पाठ फिरवली. महायुद्ध पेटले, १९४० आणि १९४४ ची ऑलिम्पिक रद्द झाली. लंडनचे ऑलिम्पिक भरले १९४८ मध्ये, तेव्हा टाकाच ३८ वर्षांचा होता.

नेमबाजी होती बिस्लेच्या मैदानावर. विजयाचा दावेदार होता अर्जेंटिनाचा जगज्जेता आणि विश्वविक्रमवीर कार्लोस दियास साएन्स व्हालिएन्ते. त्याने टाकाचला आश्चर्याने विचारले, की तू इथे कशासाठी आलास? शिकायला आलो, असे टाकाचने उत्तर दिले. स्पर्धा संपली तेव्हा ६०० पैकी ५८० गुण टाकाचचे होते. जुना विश्वविक्रम त्याने दहा गुणांनी मागे टाकला होता. ५७१ गुणांसह दुसऱ्या आलेल्या व्हालिएन्तेने त्याला सांगितले, की तुझे शिकून पुरे झाले!

चार वर्षांनी हेलसिंकीत टाकाचने ५७९ गुणांसह सुवर्णपदक राखले. या प्रकारात लागोपाठ दोन सुवर्णपदके मिळवणारा तो पहिलाच. रौप्यपदक ५७८ गुणांसह गेले सतरा वर्षांच्या सिलार्ड कुनकडे, खुद्द टाकाचच्याच शिष्याकडे. शिकायला आलेला माणूस आता शिकवूही लागला होता. १९५६ मध्ये मेलबर्नला तो आठवा आला. १९५८ मध्ये मॉस्कोच्या जागतिक स्पर्धेत त्याने कांस्यपदक मिळवले. हंगेरीतली पस्तीस राष्ट्रीय विजेतेपदे त्याच्या नावावर आहेत. सार्जंट म्हणून डावललेला हा सैनिक पुढे लेफ्टनंट कर्नलच्या हुद्द्यापर्यंत पोचला. ५ जानेवारी १९७६ रोजी त्याचे निधन झाले.

अपंगत्वावर मात करून ऑलिम्पिक सुवर्ण जिंकणारा पहिला खेळाडू, असे त्याच्याविषयी अनेकदा लिहिले जाते. ते बरोबर नाही. १९०४ मध्ये अमेरिकेच्या जॉर्ज आयझरने लाकडी पाय लावून जिम्नॅस्टिक्समध्ये सुवर्णपदके मिळवली होती. खुद्द हंगेरीचा वॉटरपोलोपटू ऑलिव्हेर हालाशी १९३२ आणि १९३६ च्या विजेत्या संघांत होता. त्याचा एक पाय घोट्याच्या वरून तुटलेला होता. टाकाचला या उसन्या पहिलेपणाची गरजही नाही.

हातबॉम्ब फुटला तो एका क्षणात. त्यानंतर बंद दाराआडचे कित्येक महिने मात्र नुसत्या कामाचे होते. हात उचलायचा, माशी कुठे बसली ते पाहायचे, चुकले तर पुन्हा. त्या महिन्यांचा कुणी साक्षीदार नव्हता, आणि पदक तर दहा वर्षे दूर होते.