ज्योत ताब्यात आणणारे रॉबर्ट बुन्सेन

आपल्या वऱ्हाडात पऱ्हाट्यांच्या चुलीच्या जोडीला आता गॅसची शेगडी आली आहे. तिची निळी ज्योत आपण रोज पाहतो. गॅसमध्ये आधी हवा मिसळायची आणि मग तो जाळायचा, ही युक्ती ज्यांच्या बर्नरमुळे जगभर पोचली, त्या शास्त्रज्ञाची ही ओळख.

रॉबर्ट बुन्सेन यांचा जन्म १८११ साली जर्मनीतील गॉटिंगेन या गावी झाला. त्यांचे वडील तिथल्या विद्यापीठात प्राध्यापक होते. रॉबर्ट यांना रसायनशास्त्राची भारी गोडी. आर्सेनिकच्या विषावर उतारा म्हणून लोखंडाचे एक संयुग चालते, हे त्यांनी १८३४ साली एका सहकाऱ्याबरोबर दाखवून दिले.

पुढे आर्सेनिकच्याच एका जहाल पदार्थावर काम चालू असताना स्फोट झाला. काच उडून त्यांच्या उजव्या डोळ्यात गेली. तो डोळा कायमचा गेला. विषही अंगात भिनले, मरता मरता वाचले. पण हा माणूस खचला नाही. त्यांनी कामाची दिशा बदलली, काम सोडले नाही.

१८५२ साली ते हायडेलबर्गच्या विद्यापीठात आले. तिथे नवी प्रयोगशाळा बांधायची होती आणि शहरात गॅस आलेला होता. पण साध्या गॅसबत्तीची ज्योत पिवळी, भांडे काळे करणारी. बुन्सेन यांना हवी होती कडक आणि बिनकाजळीची ज्योत. पीटर देसागा या कुशल कारागिराने १८५५ च्या सुमारास त्यांच्यासाठी नवा बर्नर तयार केला. एक उभी नळी, खाली गॅस आणि बाजूला हवेचे भोक, एवढेच! बुन्सेन यांनी त्याचे पेटंट घेतले नाही. याच ज्योतीत पदार्थ धरून, त्यांच्या प्रकाशाचे रंग पाहून, त्यांनी किर्खहोफ यांच्यासोबत १८६० साली सीझियम आणि १८६१ साली रुबिडियम ही मूलद्रव्ये शोधली.

हा बर्नर पेटवायची एक रीत आहे. हवेचे भोक बंद ठेवायचे. काडी आधी, गॅस नंतर. ज्योत पिवळी येते, ती चटकन दिसते. मग भोक हळूहळू उघडायचे, की ज्योत निळी आणि कडक होते. हवा जास्त आणि गॅस कमी झाला तर ज्योत नळीत शिरते आणि नळी तापते. अशा वेळी हात न लावता गॅस बंद करायचा आणि नळी थंड होऊ द्यायची.

घरच्या शेगडीचेही तसेच. काडी पेटवल्यावरच बटन फिरवावे. ज्योत पिवळी येऊन भांडी काळी होत असतील, तर शेगडी बंद करून थंड झाल्यावर आईबाबांनी बर्नरची भोके साफ करावी. तरी सुधारली नाही तर मिस्त्रीला बोलवावे. गॅसचा वास आला तर काडी नाही, लाईटचे बटनही नाही! मोठ्यांनी रेग्युलेटर बंद करावा. हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो, म्हणून दारे-खिडक्या उघडाव्या. मग बाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर फोन करावा. मुलांनी एकट्याने शेगडीला हात लावू नये.

बुन्सेन १८९९ साली वारले. एका डोळ्यानिशी त्यांनी जन्मभर ज्योतीचा अभ्यास केला. आपल्याला तर दोन डोळे आहेत, ते जपूनच काम करू या.