जॉन लेननचं एक गाणं, दोन व्हर्जन

जॉन लेनन १९४० साली लिव्हरपूलमध्ये जन्मला, मावशीकडे वाढला आणि पुढे त्याने बीटल्स उभा केला. १९६८ मध्ये ऋषिकेशला असताना त्याने 'रिव्होल्यूशन' लिहायला घेतलं. त्याला ते सिंगल म्हणून काढायचं होतं, पण बँडमधल्या इतरांना ते फार संथ वाटलं. मग त्याने वेगवान व्हर्जन केलं. त्यात गिटार अ‍ॅम्पऐवजी थेट मिक्सिंग कन्सोलला जोडून सिग्नल मुद्दाम ओव्हरलोड केला. आवाज फाटतो तो त्यामुळे; तुमचा हेडफोन ठीक आहे! हे व्हर्जन ऑगस्टमध्ये 'हे ज्यूड'च्या मागच्या बाजूला आलं, तर संथवालं नोव्हेंबरमध्ये अल्बमवर, 'रिव्होल्यूशन १' नावाने. संथ गाण्यात तो विध्वंसाला नकार देतो आणि लगेच होकारही. सिंगलमध्ये फक्त नकार. १९८० मध्ये न्यूयॉर्कमध्ये गोळ्या झाडून त्याची हत्या झाली. त्याचं तेव्हाचं द्वंद्व ऐकायचं असेल, तर अ‍ॅपमध्ये दोन्ही ट्रॅक लावा.